सीईटी आणि जेईई असताना बारावीच्या गुणांना प्रवेशात किती महत्त्व उरले आहे?

प्रश्न : एक पालक, सांगली

नमस्कार. माझी मुलगी राज्य मंडळाच्या बारावी विज्ञान शाखेत शिकते आहे. तिने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय ठेवले आहेत, परंतु तिचा ओढा अभियांत्रिकीकडे आहे. येथील वालचंद महाविद्यालयात किंवा पुण्याच्या सीओईपीमध्ये संगणक अभियांत्रिकीला प्रवेश मिळावा, अशी तिची इच्छा आहे. जेईई मेनचा अर्जही तिने भरला आहे, कारण नागपूरच्या व्हीएनआयटी या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा (एनआयटी) विचार तिच्या मनात आहे.

ती ज्या क्लासला जाते तेथील सरांनी पालकसभेत स्पष्ट सांगितले की बोर्डाचे गुण आता कोणी विचारत नाही, उत्तीर्ण झाले की पुरे, त्यामुळे सगळा वेळ सीईटी आणि जेईईच्या सरावालाच द्यावा. त्याचा परिणाम असा झाला आहे की तिने गेले काही महिने दीर्घोत्तरी प्रश्न लिहिण्याचा सराव जवळजवळ सोडून दिला आहे, आणि कनिष्ठ महाविद्यालयाच्या पूर्वपरीक्षेत भौतिकशास्त्र व गणित या दोन्ही विषयांत ती जेमतेम उत्तीर्ण झाली. बहुपर्यायी चाचण्यांत मात्र तिचे गुण चांगले आहेत. दुसरीकडे, माझ्या पुतणीला गेल्या वर्षी पुण्यात बी.कॉम.ला प्रवेश मिळाला तो केवळ बारावीच्या टक्केवारीवर, आणि एका टक्क्याच्या फरकाने तिचे पहिल्या पसंतीचे महाविद्यालय हुकले. एकाच घरात दोन मुलींच्या बाबतीत नियम इतके वेगळे कसे, हे आम्हाला उमगत नाही.

बारावीच्या गुणांचा प्रवेशाशी नेमका संबंध कोठे येतो आणि कोठे येत नाही, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. उरलेल्या दोन-अडीच महिन्यांत तिने वेळेची विभागणी कशी करावी, हा आमच्यापुढचा खरा प्रश्न आहे.

उत्तर १ : रसायनशास्त्राच्या शिक्षिका, कनिष्ठ महाविद्यालय, कोल्हापूर

आपल्या क्लासच्या सरांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि उरलेले अर्धे दरवर्षी काही मुलांचे नुकसान करते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशाची गुणवत्ता यादी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतील पर्सेंटाइलवर, म्हणजे शंभरातील किती परीक्षार्थी आपल्या मागे आहेत या आकड्यावर लागते, हे खरे आहे. बारावीला ९५ टक्के मिळालेला आणि ६० टक्के मिळालेला असे दोन विद्यार्थी असतील आणि दुसऱ्याचे सीईटीतील पर्सेंटाइल अधिक असेल, तर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत दुसराच वर राहतो. मात्र त्या यादीत नाव येण्यासाठी आधी पात्रता लागते, आणि ती पात्रता "उत्तीर्ण" या शब्दाने ठरत नाही. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला भौतिकशास्त्र, गणित आणि रसायनशास्त्रासारखा नियमात दिलेला तिसरा विषय, अशा तीन विषयांत मिळून किमान ४५ टक्के गुण असावे लागतात. राज्यातील राखीव प्रवर्गांतील आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ही मर्यादा ४० टक्के आहे.

आता हिशेब पाहा. तिन्ही विषयांचे मिळून ३०० गुण होतात. त्यांचे ४५ टक्के म्हणजे १३५. मंडळाच्या परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात ३५ गुण लागतात, म्हणजे तिन्ही विषयांत काठावर उत्तीर्ण झालेल्या मुलाचे गुण होतात १०५. त्याच्या गुणपत्रिकेवर उत्तीर्ण असा शेरा असतो, इंग्रजी आणि इतर विषयांमुळे एकूण टक्केवारीही पन्नाशीच्या पुढे गेलेली असू शकते, सीईटीचे पर्सेंटाइलही चांगले असते, आणि तरीही तो अभियांत्रिकीला अपात्र ठरतो. पालक गुणपत्रिकेवरील एकूण टक्केवारी पाहतात आणि निर्धास्त राहतात. प्रवेशाचा नियम एकूण टक्केवारी पाहत नाही, तो त्या तीन विषयांचा गट पाहतो. ही गोष्ट जूनमध्ये कळून उपयोग नसतो.

आपल्या मुलीने जीवशास्त्रही ठेवले आहे, म्हणून पुढे कधी वैद्यकीयकडे मन वळले तर उपयोगी पडेल अशी माहिती देते. नीटच्या गुणांवर एमबीबीएसचा प्रवेश होत असला, तरी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्रात मिळून खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गासाठी ४० टक्के गुण आवश्यक आहेत, शिवाय या तिन्ही विषयांत आणि इंग्रजीत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते.

व्हीएनआयटीचा उल्लेख आपण केला आहे आणि तिथे तर हा प्रश्न अधिक गंभीर होतो. एनआयटी, ट्रिपल आयटी आणि आयआयटी यांच्या प्रवेशासाठी जेईईतील क्रमांकाबरोबर बारावीला ७५ टक्के गुण, किंवा आपापल्या मंडळातील उत्तीर्णांच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान, यांपैकी एक अट पूर्ण करावी लागते. अनुसूचित जाती व जमातींसाठी टक्केवारीची अट ६५ आहे. करोनाच्या वर्षांत ही अट शिथिल केली होती आणि त्या काळातील विद्यार्थ्यांचे अनुभव अजून सांगितले जातात, त्यामुळे ती अट आता नाही असा अनेकांचा समज आहे. २०२३ पासून ती पुन्हा लागू आहे. आयआयटीसाठी ही टक्केवारी काढताना भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, एक भाषा आणि आणखी एक विषय असे पाच विषय धरतात. म्हणजे ज्या इंग्रजीच्या पेपराकडे विज्ञान शाखेची मुले सर्वांत शेवटी पाहतात, ते इंग्रजी येथे गणिताइतकेच मोजले जाते.

वेळेच्या विभागणीविषयी माझे मत असे आहे की बोर्ड आणि सीईटी या दोन वेगळ्या अभ्यासांची कल्पनाच मुळात चुकीची आहे. एमएचटी-सीईटीचा सुमारे ८० टक्के भाग बारावीच्या आणि २० टक्के भाग अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो, आणि प्रश्न राज्य मंडळाच्या पाठ्यपुस्तकावर आधारलेले असतात. जी मुलगी पाठ्यपुस्तकातील उपपत्ती, म्हणजे सूत्र कसे सिद्ध होते त्याच्या पायऱ्या, स्वतःच्या हाताने लिहून काढते, तिला त्याच घटकावरचा बहुपर्यायी प्रश्न सोडवताना सूत्र आठवत बसावे लागत नाही. उलट दिशेने मात्र हे घडत नाही. पर्यायांतून उत्तर ओळखण्याची सवय लागलेल्या मुलांना कोऱ्या कागदावर पहिली ओळ सुचत नाही, हे मी उत्तरपत्रिका तपासताना सातत्याने पाहते. आपल्या मुलीचे पूर्वपरीक्षेचे गुण बुद्धीचे नव्हे, लेखनाच्या सरावाचे माप आहेत, आणि तो सराव दोन महिन्यांत निश्चित भरून काढता येतो.

उत्तर २ : अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, पुणे

मॅडमनी सांगितलेले नियम बरोबर आहेत, तरी मी थोडी वेगळी बाजू मांडू इच्छितो. ज्या मुलीला वालचंद किंवा सीओईपीत संगणक शाखा हवी आहे, तिच्यासाठी ४५ टक्क्यांची अट ही चिंतेची बाब असू नये, कारण तेथील जागांसाठी ज्या पर्सेंटाइलची स्पर्धा चालते, त्या पातळीचा अभ्यास असलेल्या विद्यार्थ्याला १३५ गुण सहसा मिळतातच. तिची खरी लढाई पर्सेंटाइलच्या दशांशांमध्ये आहे. सीईटीच्या २०० गुणांपैकी १०० गुण एकट्या गणिताचे आहेत, प्रत्येक प्रश्नाला २ गुण आहेत, ५० प्रश्नांसाठी ९० मिनिटे आहेत आणि चुकीच्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत. अशा परीक्षेत वेग हेच कौशल्य ठरते, आणि तो वेग पाठ्यपुस्तक वाचून नव्हे, तर घड्याळ लावून प्रश्नपत्रिका सोडवल्यानेच येतो. म्हणून बोर्डासाठी तिने सीईटीचा सराव पूर्ण थांबवावा, असे मला वाटत नाही.

बारावीच्या गुणांना गुणवत्ता यादीत वजन द्यावे, अशी मागणी अधूनमधून होते. तिला माझा ठाम विरोध आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रात ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि गणितात २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. हे गुण सगळीकडे सारख्या काटेकोरपणे दिले जात नाहीत, हे आम्ही सर्वांनी पाहिले आहे. खेड्यातील प्रामाणिक महाविद्यालयात २२ गुण मिळवणारा आणि अन्यत्र प्रयोगशाळेत पाऊलही न ठेवता ३० गुण मिळवणारा, या दोघांची तुलना राज्यव्यापी यादीत करणे अन्यायाचे होईल. सीईटीत दोष असतील, परंतु तेथे प्रश्नसंच आणि संगणक सर्वांना सारख्याच तटस्थपणे वागवतात.

एक गोष्ट मात्र मला पहिल्या वर्षी कोणी सांगितली नव्हती, ती येथे नोंदवतो. प्रवेशानंतर बारावीच्या गुणांचा विषय संपत नाही. महाविद्यालयातच नोकरभरतीसाठी येणाऱ्या अनेक कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही टप्प्यांवर किमान ६० टक्क्यांची अट घालतात. आमच्या वर्गात उत्तम प्रोग्रॅमिंग येणारे, पण बारावीला त्या अटीखाली राहिलेले विद्यार्थी आहेत आणि त्यांना अशा कंपन्यांच्या लेखी चाचणीलाही बसता येत नाही. तेव्हा निदान ६० टक्क्यांच्या बऱ्याच वर राहणे, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवायला हवे.

उत्तर ३ : प्रवेशविषयक मार्गदर्शन करणारे निवृत्त प्राध्यापक, नाशिक

पालकांनी विचारले आहे की एकाच घरात दोन मुलींसाठी नियम इतके वेगळे कसे. याचे उत्तर गेल्या काही वर्षांच्या इतिहासात आहे.

बारावीच्या गुणांना प्रवेश परीक्षेच्या जोडीने वजन देण्याचा प्रयोग आपल्याकडे प्रत्यक्ष झालेला आहे. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या क्रमांकवारीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते, आणि महाराष्ट्रात २०१४ व २०१५ या दोन वर्षी अभियांत्रिकीचे प्रवेश जेईई मेन आणि बारावीचे गुण यांना समान वजन देऊन झाले. हेतू चांगला होता. मुलांनी कनिष्ठ महाविद्यालयाकडे पाठ फिरवू नये आणि बारावीचे शिक्षण गंभीरपणे घ्यावे, हा तो हेतू. अडचण अशी आली की देशात अनेक शिक्षण मंडळे आहेत, प्रत्येकाची गुण देण्याची रीत निराळी आहे, आणि या सर्वांचे गुण एका पातळीवर आणण्याचे गणिती सूत्र इतके किचकट झाले की स्वतःचा क्रमांक कसा ठरला हे विद्यार्थ्याला समजेनासे झाले. महाराष्ट्राने २०१६ मध्ये अभियांत्रिकीसाठी पुन्हा एमएचटी-सीईटी आणली आणि २०१७ पासून जेईई मेननेही बारावीचे वजन काढून टाकले. आज उरलेली ७५ टक्क्यांची अट ही त्या जुन्या विचाराचीच खूण आहे.

त्यामुळे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने प्रात्यक्षिकांच्या गुणांविषयी जे लिहिले आहे, त्याच्याशी मी मोठ्या प्रमाणात सहमत आहे. माझे दुःख वेगळे आहे. वजन काढून घेतल्यावर कनिष्ठ महाविद्यालये ओस पडली. नाव महाविद्यालयात आणि शिक्षण क्लासमध्ये, अशी व्यवस्था इतकी रूढ झाली की शासनाला २०१८ मध्ये मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या विभागांत विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. ज्या मुलाच्या वडिलांना क्लासचे लाखभर रुपये परवडत नाहीत, त्याच्यासाठी गावातील कनिष्ठ महाविद्यालय हाच एकमेव आधार असतो, आणि वर्गात दहा मुले बसत असतील तर तेथील शिक्षकाचाही उत्साह मावळतो. बारावीच्या गुणांना किंमत नाही, हे वाक्य सहज उच्चारले जाते तेव्हा त्याचा पहिला फटका या मुलाला बसतो. म्हणून ते वाक्य ऐकले की मला राहवत नाही.

आता शाखांकडे वळतो. बी.ए., बी.कॉम. आणि बी.एस्सी. या पारंपरिक अभ्यासक्रमांना आपल्या राज्यात बहुतेक ठिकाणी आजही बारावीच्या टक्केवारीवरच गुणवत्ता यादी लागते. काही स्वायत्त महाविद्यालये स्वतःची प्रवेश परीक्षा घेतात, तो अपवाद. येथे बारावीचा प्रत्येक गुण थेट मोजला जातो, आणि पुतणीच्या बाबतीत तेच घडले. याचे टोकाचे उदाहरण २०२१ मध्ये दिसले. त्या वर्षी परीक्षा रद्द झाली आणि दहावी, अकरावी व बारावीचे अंतर्गत मूल्यमापन यांना ३०, ३० आणि ४० टक्के वजन देऊन निकाल लावला गेला, तेव्हा राज्याचा निकाल ९९.६३ टक्के लागला. नव्वदीच्या पुढचे विद्यार्थी इतके झाले की नामांकित महाविद्यालयांच्या याद्या कमालीच्या वर चढल्या आणि एरवी सहज प्रवेश मिळाला असता अशी मुले बाहेर राहिली.

दिल्लीत तर हा प्रकार त्याआधीपासून चालू होता. दिल्ली विद्यापीठातील काही अभ्यासक्रमांची पहिली कट-ऑफ यादी १०० टक्क्यांवर थांबत असे. राज्य मंडळातून ९२-९३ टक्के घेऊन तेथे जाण्याची इच्छा धरणारी आपल्याकडची मुले तेव्हा यादीच्या जवळपासही पोहोचत नसत. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी सुरू झाली आणि त्यांना दार उघडले. आता तेथे बारावीचे गुण मुख्यतः पात्रतेपुरते आणि दोघांचे गुण समान आल्यास क्रम ठरवण्यापुरते उरले आहेत. राज्यात २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस यांसारखे अभ्यासक्रमही सीईटीखाली आले, हे वाणिज्य शाखेच्या अनेक पालकांना पहिल्या वर्षी अर्जाची मुदत उलटल्यावरच समजले.

या दोन टोकांच्या मध्ये काही अभ्यासक्रम आहेत. वास्तुशास्त्राच्या पदवीसाठी नाटासारखी अभिक्षमता चाचणी आणि बारावीचे गुण दोन्ही मिळून गुणवत्ता ठरते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या पदवी प्रवेशात सीईटीबरोबर बारावीच्या गुणांनाही वजन असते. औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेला बारावीचे गुण लागतात, पदवीला सीईटी. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमासाठी सीईटी असली तरी खुल्या प्रवर्गाला बारावीत ४५ टक्क्यांची अट आहे. मुलांचे मन बारावीनंतरच्या दोन महिन्यांत अनेकदा बदलते, ही वस्तुस्थिती आहे, आणि बदललेल्या मनाला कोणते दार उघडे राहील हे त्या गुणपत्रिकेवर अवलंबून असते.

उत्तर ४ : बी.एस्सी. भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी, मुंबई

शिष्यवृत्त्यांचा मुद्दा कोणी मांडलेला नाही, म्हणून लिहिते. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर शिष्यवृत्ती ही आपापल्या मंडळातील बारावीच्या वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञानाच्या पदवीला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी असते आणि तिची रक्कम वर्षाला ८०,००० रुपये आहे. अभियांत्रिकीला गेल्यास ती मिळत नाही. दुसरी केंद्रीय शिष्यवृत्ती योजना मंडळातील वरच्या २० पर्सेंटाइलमधील, वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी आहे आणि ती पदवीच्या इतर शाखांनाही लागू आहे. या दोन्हींत सीईटीचे पर्सेंटाइल विचारात घेतले जात नाही, बारावीचेच गुण पाहिले जातात. आमच्या घरी माझ्या शिक्षणाचा वसतिगृहाचा खर्च कसा भागणार हा मोठा प्रश्न होता आणि तो बारावीच्या गुणांमुळे सुटला, त्यामुळे "फक्त पास व्हा" हा सल्ला मी कोणत्याही लहान बहिणीला देणार नाही.

आयसर या केंद्राच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांमध्ये जाऊ इच्छिणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की त्यांच्या अभिक्षमता चाचणीबरोबर बारावीला ६० टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ५५ टक्के, अशी अट आहे.

उत्तर ५ : एक आई, लंडन

मूळ प्रश्न राज्यातील अभियांत्रिकीचा असला तरी परदेशाचा विचार करणारे पालकही हे वाचत असतील, म्हणून थोडक्यात सांगते. माझ्या भाच्याने पुण्यातून बारावी करून येथील विद्यापीठात अर्ज केला होता. ब्रिटनमध्ये बारावीचा निकाल लागण्यापूर्वी मिळणारा प्रवेश बहुधा सशर्त असतो. बारावीच्या अंतिम परीक्षेत एकूण इतके टक्के आणि संबंधित विषयात इतके गुण, असे त्या पत्रात लिहिलेले असते, आणि ते मिळाले नाहीत तर जागा हातची जाऊ शकते. येथे भारतातील कोणत्याही सीईटीचा सहसा उपयोग होत नाही. अमेरिकेत नववीपासूनच्या चारही वर्षांची गुणपत्रके पाहतात आणि प्रवेश दिल्यानंतरही अंतिम गुणपत्रक मागवतात. शेवटच्या वर्षी गुण फार घसरले तर दिलेला प्रवेश परत घेण्याचा अधिकार विद्यापीठ राखून ठेवते. ज्या मुलांच्या मनात परदेश आहे, त्यांच्यासाठी बारावीची परीक्षा हीच मुख्य परीक्षा आहे.

मूळ प्रश्नकर्ते पालक, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. ४५ टक्के हे तीन विषयांच्या गटावर मोजले जातात, हे आम्हाला खरोखरच ठाऊक नव्हते. मुलीला हे सर्व वाचायला दिले. तिची मुख्य भीती ७५ टक्क्यांची आहे. तिने दोन गोष्टी विचारायला सांगितल्या आहेत. जेईई मेनचे जानेवारीतील सत्र आणि बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षा एकमेकांच्या अंगावर येतात, त्याचे काय करावे? आणि निकालात अपेक्षेपेक्षा गुण कमी आले, तर पुढे काही मार्ग असतो का?

उत्तर ६ : रसायनशास्त्राच्या शिक्षिका, कोल्हापूर

आपल्या मुलीने स्वतः प्रश्न विचारले, हे वाचून समाधान वाटले.

तारखांची अडचण खरी आहे. २०२५ मध्ये जेईई मेनचे पहिले सत्र जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यात होते आणि त्याच सुमारास प्रात्यक्षिके सुरू झाली होती. तिने जेईईचे प्रवेशपत्र हाती येताच महाविद्यालयातील विषयशिक्षकांना दाखवावे आणि प्रात्यक्षिकाची तुकडी बदलून मागावी, बहुतेक ठिकाणी हे सहज होते. एवढे करूनही प्रात्यक्षिक चुकले, तर मंडळ आउट ऑफ टर्न, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाबाहेरची परीक्षा घेते, परंतु त्यासाठी कारण आणि पुरावा लेखी द्यावा लागतो, म्हणून तो मार्ग शेवटचा समजावा. प्रात्यक्षिकाच्या ३० गुणांकडे दुर्लक्ष करू नये. आपल्या विद्यार्थीमित्राने त्या गुणांविषयी जो आक्षेप घेतला आहे तो मला शिक्षिका म्हणून बोचतो, कारण तो खोटा नाही. पण जी मुलगी प्रयोगवही स्वतः पूर्ण करते आणि तोंडी परीक्षेत उत्तर देते, तिचे ते गुण तिच्या कष्टाचेच असतात.

वेळेबाबत माझी सूचना अशी आहे. जानेवारीचे सत्र होईपर्यंत दिवसाचा मोठा भाग जेईईला आणि रोज किमान दीड तास लेखी उत्तरांना द्यावा. प्रात्यक्षिके संपल्यापासून लेखी परीक्षा संपेपर्यंत, म्हणजे साधारण मार्चच्या मध्यापर्यंत, बोर्डाची तयारी मुख्य ठेवावी आणि वेग टिकावा म्हणून गणिताची एखादी छोटी चाचणी अधूनमधून सोडवावी. लेखी परीक्षेनंतर जेईईचे एप्रिल सत्र आणि सीईटी यांच्यासाठी अखंड वेळ मिळतो आणि तेव्हा बारावीचा सगळा अभ्यासक्रम ताजा असतो. पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवण्याचा जो सराव विद्यार्थीमित्राने सुचवला आहे, त्याची ती खरी वेळ आहे. इंग्रजीसाठी आठवड्यातून एकदा लेखनकौशल्याचा एक प्रश्न वेळ लावून लिहिला तरी पुष्कळ फरक पडतो.

निकालानंतरचे मार्गही आहेत. गुणपडताळणीत केवळ बेरीज चुकली आहे का आणि एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का, एवढेच पाहिले जाते. उत्तर पुन्हा तपासून हवे असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते आणि ती मिळाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा लागतो. छायाप्रतीशिवाय पुनर्मूल्यांकन होत नाही, आणि ही मुदत चुकल्याने संधी गेलेली मुले मी पाहिली आहेत. छायाप्रत आली की ती प्रथम विषयशिक्षकांना दाखवावी. आदर्श उत्तराशी ताडून पाहिल्यावर गुण वाढण्यासारखे काही नसेल, तर ते स्पष्ट सांगतील. एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी पुरवणी परीक्षा असते, आणि सर्व विषयांत उत्तीर्ण होऊनही टक्केवारी वाढवू इच्छिणाऱ्यांसाठी श्रेणीसुधार योजना आहे, तिच्यात सर्व विषयांची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. ७५ टक्क्यांना थोडक्यात मुकलेली मुले या योजनेचा विचार करतात, पण त्यापूर्वी राज्य मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलची त्या वर्षीची मर्यादा आपल्या प्रवर्गासाठी किती लागली आहे, हे जरूर तपासावे. पहिली अट हुकली तरी दुसरी पूर्ण झालेली असू शकते, आणि ते न पाहताच एनआयटीचा नाद सोडून देणारे पालक मला दरवर्षी भेटतात.

मुलीने भौतिकशास्त्राच्या पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका जपून ठेवली असेल, तर येत्या रविवारी तिने तीच प्रश्नपत्रिका पुन्हा तीन तास लावून लिहावी आणि महाविद्यालयातील शिक्षकांकडून तपासून घ्यावी. गुण नेमके उपपत्तीत जातात, आकृतीत जातात की उदाहरणांत, हे कळले की पुढच्या आठवड्यांचे वेळापत्रक तिचे तिलाच आखता येईल.